मुलुंडचा रेणू आणि पेशींतील वीज

१/५
१९७० च्या दशकात मुंबईच्या मुलुंड उपनगरात हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. भारतीय वनस्पतींतून हृदय व रक्तदाबावरील औषधे शोधणे, हे तेथील एक काम. तुळशीच्याच कुळातील कोलियस फोर्सकोहली या वनस्पतीच्या मुळांतून तेथे फोर्सकोलिन हाती आले. सुजाता भट, नोएल डिसूझा व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रेणुरचना प्रसिद्ध केली.

२/५
या द्रव्याने रक्तवाहिन्या सैलावत आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होई. त्याचे कारण १९८१ मध्ये उलगडले. फोर्सकोलिन पेशीतील एका विकराला थेट चेतवते आणि सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो.

३/५
पेशीच्या आवरणात आयनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजता येतो. सायक्लिक एएमपी वाढला की यांतील काही दारे उघडतात. त्यामुळे असे प्रवाह मोजणाऱ्या संशोधकांसाठी फोर्सकोलिन ही किल्ली ठरली.

४/५
सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात क्लोराइडचे दार सदोष असते; फुफ्फुसांत चिकट कफ साठतो. नव्या औषधाची परीक्षा घेताना रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशींना फोर्सकोलिनने चेतवून, औषधाने प्रवाह किती वाढतो ते मोजले गेले. अशा चाचण्यांतून पुढे आलेल्या आयव्हाकॅफ्टरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

५/५
मुलुंडमधील शोध होता हृदयाच्या औषधाचा. फोर्सकोलिनपासून घडवलेले तसे एक औषध जपानमध्ये वापरात आलेही. परंतु या रेणूची मोठी कामगिरी प्रयोगशाळेतच राहिली. औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव नसते. त्या औषधाची पारख मात्र त्याच्याच साहाय्याने झालेली असते.