लिनक्सची प्रात्यक्षिक परीक्षा : तयारी कशी करावी?

जयसिंगपूर : लेखी परीक्षेत एखादी आज्ञा नेमकी आठवली नाही, तरी तिचा उपयोग विशद करून काही गुण पदरात पाडून घेता येतात. रेड हॅट कंपनीच्या ‘आरएचसीएसए’ या परीक्षेत मात्र तशी सोय नाही. येथे प्रश्नपत्रिका नव्हे, तर प्रत्यक्ष चालू संगणक यंत्रणा परीक्षार्थीसमोर असते आणि दिलेली कामे तीवर करून दाखवावी लागतात.

परीक्षेचे स्वरूप : परीक्षा ३०० गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी २१० गुण आवश्यक असतात. वेळ सुमारे तीन तासांचा असतो. इंटरनेट वा स्वतःच्या टिपणांचा वापर करता येत नाही. यंत्रणेतच असलेली ‘मॅन’ माहितीपाने तेवढी वाचता येतात. त्यामुळे आज्ञा पाठ करण्यापेक्षा ही पाने झटपट चाळण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

अभ्यासक्रम : वापरकर्ते व परवानग्या, डिस्कचे विभाजन आणि एलव्हीएम, नेटवर्क, फायरवॉल, एसई-लिनक्स, नियोजित कामे आणि विसरलेला रूट पासवर्ड बदलणे हे विषय महत्त्वाचे आहेत.

घातक चूक : केलेला प्रत्येक बदल यंत्रणा पुन्हा सुरू केल्यावरही टिकला पाहिजे. ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये एक अक्षर जरी चुकले, तरी यंत्रणा नेहमीप्रमाणे सुरू होत नाही आणि बरोबर केलेली इतर कामेही व्यर्थ ठरू शकतात. म्हणून ही फाइल बदलताच ‘माउंट -ए’ ही आज्ञा देऊन खात्री करावी आणि वेळ संपण्यापूर्वी यंत्रणा एकदा तरी पुन्हा सुरू करून पाहावी.

घरचा सराव : त्यासाठी महागड्या सर्व्हरची गरज नाही. आठ जीबी स्मृती असलेल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने दोन आभासी यंत्रे चालू शकतात. २०२१ पासून उपलब्ध झालेल्या अल्मा लिनक्स व रॉकी लिनक्स या मोफत प्रणाली रेड हॅटच्या प्रणालीशी मिळत्याजुळत्या आहेत. यंत्रणा मुद्दाम बिघडवून ती घड्याळ लावून दुरुस्त करणे, हा सर्वोत्तम अभ्यास होय.

केंद्र : डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालयासारखी संस्था असलेल्या जयसिंगपुरात संगणकाचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. रेड हॅटने २०२० पासून घरून परीक्षा देण्याची सोय केली असल्याने दरवेळी केंद्र गाठण्याची आवश्यकता उरलेली नाही. मात्र वेबकॅम, भरवशाचे इंटरनेट व अखंड वीज यांची तजवीज परीक्षार्थीलाच करावी लागते.

पुढील टप्पा : प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य राहते. त्यानंतरची पायरी असलेल्या ‘आरएचसीई’ परीक्षेत ‘अॅन्सिबल’द्वारे कामे स्वयंचलित करण्यावर भर असतो. तिचाही पाया हाताने केलेला सरावच आहे.