लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात? अर्थिंग नळाला तर जोडलेलं नाही ना?

नाशिकला कॉलेज रोडवर एका जुन्या कमर्शियल बिल्डिंगमध्ये आमचं ऑफिस होतं. चार्जिंगला लावलेल्या मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायच्या. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, आधी अडॅप्टर बदलून पाहिला. तरी तेच! शेवटी वायरमनने बोर्डातून निघालेली हिरवी वायर शोधत नेली, तर ती पँट्रीतल्या नळाच्या जीआय पाइपला गुंडाळलेली.

ही कल्पना अगदीच वेडगळ नाही. जमिनीत पुरलेला लांब लोखंडी पाइप करंट मातीत सोडू शकतो. अमेरिकेचा इलेक्ट्रिकल कोड आजही हे चालवून घेतो, पण पाइप किमान 10 फूट मातीला लागून हवा आणि जोडीला दुसरा इलेक्ट्रोडही हवा. आपल्याकडचं मानक आयएस 3043 मात्र पाण्याच्या पाइपला अर्थ इलेक्ट्रोड म्हणून मान्यता देत नाही. तरी लोक करतात, कारण नाशिकच्या काळ्या खडकात अर्थिंगचा खड्डा खणायचा म्हणजे खर्च, आणि नळ तर समोरच असतो.

गोची प्लंबरमुळे होते. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीपासूनची लाइन कधीतरी सीपीव्हीसीची केली होती. प्लास्टिकमधून करंट जात नाही, त्यामुळे अर्थिंग तुटलं. तसंही टाकीतून खाली येणारा पाइप जमिनीत जातोच असं नाही.

आता झिणझिण्यांचं कारण. थ्री-पिन अडॅप्टरच्या फिल्टरमधला किंचित गळती करंट अर्थ पिनमधून जायला हवा. ती वाट बंद झाली की बॉडी 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण त्याच वायरवरच्या वॉटर कूलरमध्ये फेज बॉडीला टेकला तर? मग कूलर, लॅपटॉप आणि ज्या नळाखाली आपण डबे धुतो तो नळ, सगळ्यांवर 230 व्होल्ट.

एमसीबी वाचवेल? समजा पाइप मातीला लागलेला आहे आणि रोध 20 ओहम आहे. 230 भागिले 20 म्हणजे 11.5 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फक्त त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं.

एक गैरसमज इथेच काढतो. धातूचे पाइप मुख्य अर्थिंगला जोडणं, म्हणजे बाँडिंग, चूक नाही, उलट गरजेचं आहे. चूक आहे ती पाइपलाच अर्थिंग मानण्यात.

आमच्याकडे शेवटी पार्किंगच्या कोपऱ्यात रीतसर खड्डा केला, अर्थ टेस्टरने रोध मोजून घेतला आणि झिणझिण्या थांबल्या. माझ्या मेटल बॉडीच्या फोनला मात्र अजून कधीकधी येतात, कारण त्याच्या टू-पिन चार्जरला अर्थची पिनच नाही.