कलपाच्या पुडीवरील बारीक अक्षरे

किराणा दुकानात माळेने टांगलेली कलपाची पुडी काही रुपयांना मिळते आणि वापर होताच तिचे वेष्टन कचऱ्यात जाते. त्यावरील मजकूर कायद्याने सक्तीचा आहे. तो वाचला मात्र क्वचितच जातो.

भारतात सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे. लेबलविषयक तरतुदी पूर्वी १९४५ च्या नियमावलीत औषधांच्या जोडीनेच होत्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०' अधिसूचित करून त्या वेगळ्या केल्या. उत्पादनाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि कोणत्या महिन्यापर्यंत वापरावे हा उल्लेख अनिवार्य आहे. परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक असावा लागतो.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. त्यामुळे वेष्टनाच्या दर्शनी भागावर ठळकपणे मिरवणारी वनस्पती यादीच्या तळाशी सापडली, तर तिचे प्रमाण अत्यल्प आहे असे समजावे.

खरी मेख सवलतींत आहे. साठ मिलिलिटरहून कमी द्रव आणि तीस ग्रॅमहून कमी घन वा अर्धघन प्रसाधनांना घटकांच्या यादीतून सूट आहे. दहा ग्रॅमपर्यंतच्या घन प्रसाधनावर बॅच क्रमांकही बंधनकारक नाही. म्हणजे सर्वांत स्वस्त पुडी घेणाऱ्याच्या हाती सर्वांत कमी माहिती पडते.

कलपातील इशारा मात्र टाळता येत नाही. काळ्या कलपात बहुधा पॅरा-फेनिलिनडायअमीन (पीपीडी) हे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही ते आढळते. अशा कलपावर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही सूचना हवी: त्वचेचा दाह होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी, भुवया व पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते. चाचणीची रीत सोबतच्या पत्रकात दिलेली असते. कानामागे किंवा कोपराच्या खाली हाताच्या आतील बाजूस थोडा कलप लावून चोवीस तास थांबावे. दाह झाल्यास तो वापरू नये.

महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. छापील किंमत आणि वजनाविषयीच्या तक्रारी वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जातात. तक्रार करताना पावतीबरोबर वेष्टनही जपून ठेवलेले असावे.