व्यवहार क्वचित

परवा कपाट आवरताना माझी ऑडिटची जुनी वही सापडली. नया नगरातून चालत मीरा रोड स्टेशन, मग चर्चगेट लोकल आणि दिवसभर व्हाउचरवर टिक करत बसायचं... आयुष्य त्यातच गेलं! एका पानावर माझ्याच अक्षरात, 'व्यवहार क्वचित. तपासणी नाही.'

वाचून पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण आठवलं. फोर्टच्या ब्रॅडी हाउस शाखेतून २०११ पासून पुरेशा तारणाशिवाय हमीपत्रं जात राहिली. संदेश स्विफ्टवरून भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना; पण स्विफ्ट बँकेच्या सीबीएसला जोडलेलंच नव्हतं. म्हणजे खात्यात नोंदच नाही, आणि आम्ही ऑडिटवाले बघणार सीबीएसचे रिपोर्ट! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सावध केलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये शाखेने शंभर टक्के मार्जिन मागितलं, तेव्हा बिंग फुटलं. १४ फेब्रुवारीला आकडा जाहीर झाला, सुमारे ११,४०० कोटी. १३ मार्चला रिझर्व्ह बँकेने असली हमीपत्रंच बंद केली.

आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तरी कुणी घरी जात नसे. रोजच्या कामावर शंभर डोळे असतात हो. क्वचितचं काम मात्र एकालाच येतं, आणि तपासणाराही त्यालाच विचारतो, "सगळं ठीक ना?" मीही तेच केलं होतं. तिथे काही घडलं नाही, हे माझं नशीब; कर्तृत्व नव्हे.

असो. वही रद्दीत टाकवली नाही.