खाचरातले बुडबुडे आणि एका आकड्याचे चरित्र

एखाद्या संहितेचा लेखक कोण, ती कोणासाठी लिहिली गेली, तिच्यातली मौने कुठे आहेत, हे प्रश्न विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला लागलेली असते. आकड्यासमोर आलो की मात्र आपण ही सवय जोड्यांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो. म्हणून या लेखात आम्ही एकाच आकड्याचे चरित्र सांगणार आहोत. तो आकडा ३७.८. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतातील भातशेती दर वर्षी एवढे दशलक्ष टन मिथेन वातावरणात सोडत होती.

मिथेनची शास्त्रीय कथा १७७६ च्या नोव्हेंबरात सुरू होते. उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा याने दलदलीचा तळ काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेट घेतो हे पाहिले. आपल्याकडे या वायूची भाताशी सांगड घालणारे काम फार लवकर झाले आणि तितक्याच लवकर विस्मरणात गेले. १९१३ मध्ये हॅरिसन आणि सुब्रमण्य अय्यर या दोघांनी पाणथळ भातजमिनीतील वायूंवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांना चिंता होती पिकाची, पाण्याखालच्या मुळांना प्राणवायू कसा मिळतो याची. हवामान त्यांच्या विचारातही नव्हते. लावणीनंतर काही आठवड्यांनी बेणणीसाठी खाचरात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे उठतात, हे पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला त्यांचा विषय परका वाटणार नाही.

घडते ते असे. जमीन पाण्याखाली गेली की तिच्यातील प्राणवायू संपत जातो. मग सेंद्रिय पदार्थ कुजवण्याचे काम अशा सूक्ष्मजीवांकडे जाते की ज्यांना प्राणवायू चालतच नाही, आणि त्या साखळीच्या शेवटी मिथेन तयार होतो. त्याचा बराचसा भाग बुडबुड्यांनी वर येत नाही. पाण्याखालच्या मुळांना हवा पोचावी म्हणून भाताच्या रोपात ज्या पोकळ नळ्या असतात, त्यांतूनच तो उलट्या वाटेने बाहेर पडतो. शेत मधूनच सुकले, तर साखळी तुटते. पुढच्या साऱ्या वादाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे.

भातशेतीच्या जागतिक मिथेनचा एक आरंभीचा अंदाज जपानमध्ये कोयामा यांनी १९६३ मध्ये केला, तोही प्रयोगशाळेतील पात्रांत ठेवलेल्या मातीवरून. प्रत्यक्ष शेतातली मोजमापे १९८० च्या दशकात आली: आधी कॅलिफोर्नियात, मग स्पेनमध्ये आणि इटलीतील व्हेर्चेल्ली या भाताच्या जिल्ह्यात. व्होल्टाच्या सरोवरापासून व्हेर्चेल्ली काही फार दूर नाही. तिथली मोजणी काटेकोर होती, तिला दोष देण्याचे कारण नाही. घोटाळा झाला तो नंतरच्या गुणाकारात. सतत पाणी भरून ठेवलेल्या, सुपीक, यांत्रिक शेतीच्या युरोप-अमेरिकेतील वाफ्यांवरचा दर उचलून तो भारताच्या भातक्षेत्राला लावला गेला.

आता जरा भागाकार करून पाहू. त्या काळी भारतात सुमारे सव्वाचार कोटी हेक्टरांवर भात होत असे. ३७.८ दशलक्ष टन त्यावर वाटले, तर हेक्टरी जवळजवळ ९०० किलो मिथेन येतो. त्याच काळात हेक्टरी तांदूळ पिकत होता सरासरी पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक दोन किलो तांदळामागे शेतकरी एक किलो वायूही पिकवत होता! पाटीवर करता येण्याजोगे हे गणित आधी कोणी केले नसेल, असे नाही. पण अनोळखी शेताविषयी कोणताही आकडा शक्य वाटतो, हेच खरे.

आकडा एकटा नव्हता. जागतिक संसाधन संस्थेच्या १९९०–९१ च्या अहवालाने उत्सर्जक देशांची क्रमवारी लावली, तिच्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यामागोमाग ब्राझील, चीन आणि भारत बसले. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी या क्रमवारीवर एक पुस्तिका लिहिली आणि या प्रकाराला ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ म्हटले. पोटासाठी भात लावणाऱ्याचे उत्सर्जन आणि चैनीच्या मोटारीचे उत्सर्जन एकाच रकान्यात कसे मांडता, हा त्यांचा सवाल होता. साहित्याच्या वाचकाने इथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. त्यांनी ‘उत्सर्जन’ या तटस्थ दिसणाऱ्या नामाला ‘जगण्याचे’ आणि ‘चैनीचे’ अशी दोन विशेषणे जोडली, आणि एवढ्यानेच रकान्याचा सोवळेपणा गेला.

विशेषणांनी आकडा खोडला जात नाही. त्यासाठी चिखलात उतरावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आशेष प्रसाद मित्रा (१९२७–२००७) यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशातील वेगवेगळ्या भातक्षेत्रांत मोजणीची मोहीम झाली. साधन अगदी साधे: पारदर्शक प्लास्टिकची, तळ नसलेली पेटी. ती रोपांवर पालथी घालायची, कडेला पाण्याने हवाबंद करायची, ठरावीक मिनिटांनी आतली हवा सुईच्या पिचकारीने ओढायची आणि नमुना वायू-पृथक्करणाच्या यंत्राकडे न्यायचा. निष्कर्ष निघाला वर्षाला सुमारे ४ दशलक्ष टन, म्हणजे आधीच्या आकड्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा. पुढे २००४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना जो पहिला राष्ट्रीय अहवाल दिला, त्यात १९९४ या वर्षासाठी ४.०९ दशलक्ष टन नोंदले गेले.

ही कथा आपल्याकडे बहुधा इथेच, विजयाच्या सुरात संपवली जाते. आम्हांला तो सूर पुरता मानवत नाही. ४ हा आकडाही गुणाकारच आहे. फक्त त्यातला गुणक आपल्या मातीतून आला. एका पेटीखाली फार तर चौरस मीटरभर शेत असते. तिथून जिल्ह्यापर्यंत कसे जायचे? महानदीच्या मुखाकडचा कटकचा प्रदेश घ्या. कालव्याखालची जमीन, केवळ पावसावरचा भात, पुरात बुडणारे खोलगट रान, पाणी न ठरणारा उंचवटा, असे सारे तिथे थोड्या अंतरात नांदते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत १९९० च्या दशकापासून या मोजणीवर सातत्याने काम झाले, ते याच विविधतेला सामोरे जात. आंतरराष्ट्रीय समितीच्या १९९६ च्या सुधारित मार्गदर्शिकेतही ही विविधता शिरली: सतत पाण्याखालच्या शेताचा गुणक १, एकदा सुकवलेल्या शेताचा ०.५, अनेकदा सुकवलेल्याचा ०.२, आणि पाणी न साठणाऱ्या उंच जमिनीचा शून्य.

या कोष्टकाने शेतकऱ्याच्या पाण्याला प्रथमच आकड्यात जागा मिळाली. पण त्याचबरोबर एक उपदेशही आला: शेत अधूनमधून सुकवा, मिथेन घटेल. घटतो खरा, मात्र सुकण्या-भिजण्याच्या फेऱ्यात, विशेषतः नत्रखत घातलेले असेल तेव्हा, नायट्रस ऑक्साइड हा त्याहून कितीतरी प्रखर वायू वाढतो. शिवाय शेत केव्हा सुकवायचे हे कालव्याच्या शेपटाला असलेल्या माणसाच्या हाती कुठे असते? त्याचे शेत आधीच सुकते, वरच्यांचे भरणे उरकून पाण्याची पाळी येईपर्यंत. कोष्टकात त्याला ०.२ चा गुणक मिळतो.