खाते एकच, तेही कंपनीच्या नावाचे

लोणावळ्यात हॉटेल, तळेगाव दाभाडे येथे कारखाना आणि पुण्यात कार्यालय, असा पसारा असलेल्या व्यवसायात दरपत्रके एकाच्या खासगी जीमेलमध्ये, तर हिशेब दुसऱ्याच्या ड्रॉपबॉक्समध्ये असतात. फाइल ज्याच्या खात्यात तयार होते, मालकी त्याचीच राहते. तो नोकरी सोडून गेला की ग्राहकांची यादीही त्याच्यासोबत जाते.

गूगलने २००६ मध्ये कंपन्यांच्या स्वतःच्या डोमेनवर ई-मेल देणारी सेवा सुरू केली; २०२० पासून ती ‘वर्कस्पेस’ म्हणून ओळखली जाते. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ हा दुसरा पर्याय. प्रथम डोमेन कंपनीच्याच नावे नोंदलेले आहे ना, हे तपासावे. पुष्कळदा ते संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावर निघते! खासगी खात्यातील फाइलची मालकी कंपनीच्या खात्याकडे थेट वर्ग होत नाही. तिची प्रत काढावी लागते. मावळातील पावसाळी गर्दी ओसरल्यावर हे काम हाती घेणे बरे.

पुढे कोणी नोकरी सोडल्यास त्याच्या फाइली आधी दुसऱ्याच्या नावे कराव्यात. वर्कस्पेसमधील पुसलेले खाते २० दिवसांच्या आतच परत मिळवता येते.