इराण्याच्या दुकानांतील परदेशी खाणें

पवईच्या तलावाकांठीं आज उंच इमारतींच्या तळमजल्यावर इटालियन, चिनी, जपानी पदार्थांचीं उपाहारगृहें थाटलेलीं आहेत, आणि मराठी कुटुंबें तेथें मुलांबाळांसह निःशंकपणें जेवतात. सव्वाशें वर्षांपूर्वीं मात्र परक्याच्या हातचा नुसता चहादेखील महाग पडे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे व टिळक होते. गोपाळराव जोशांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणे-वैभव’ पत्रांत छापविलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांनींही मित्रांच्या भिडेखातर प्रायश्चित्त घेतलें. बिस्किटाला ज्यांनीं हातही लावला नव्हता, तेही यादींतून सुटले नाहींत!

मुंबईंत ह्या वादाची धार बोथट केली ती इराण्याच्या दुकानानें. इराणांत जरथुष्ट्री प्रजेवर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं तिकडे धाडलेले माणेकजी लिमजी हाटरिया ह्यांच्या दीर्घ खटपटीनें तो १८८२ सालीं उठला. दारिद्र्य मात्र उठलें नाहीं. यझ्द-कर्मानकडील माणसें मुंबईस येत राहिलीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं नाक्यानाक्यावर चहाचीं दुकानें मांडलीं. धोबीतलावाजवळील कयानी १९०४ सालची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालची. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर बिस्किटांच्या बरण्या. जात विचारण्याची तेथें रीत नव्हती. घरांत अंडें शिजवावयाचें नाहीं, पण इराण्याकडे आम्लेट खावयास हरकत नाहीं, असा मार्ग अनेक पांढरपेशांनीं पत्करला. शास्त्रार्थाच्या दृष्टीनें तो लंगडा खरा; पण पोटाला पटला!

गंमत अशी कीं, ह्या परदेशी दुकानांत इराणी असें फारच थोडें होतें. इराणांत साखरेचा खडा दांतांत धरून कोरा चहा पितात. येथें तो दुधांत उकळूं लागला. पाव पोर्तुगीजांचा, केक विलायती. खरें इराणी अन्न गिऱ्हाइकांपुढें आलें तें फार उशिरां. ब्रिटानियाच्या कोहिनूर कुटुंबांतील गृहिणीनें इराणांतील वास्तव्यानंतर, १९८० नंतरच्या दशकांत, बेरी पुलाव रूढ केला. त्यावर पसरलेलीं झेरेश्क नांवाचीं लालचुटुक, आंबट सुकीं फळें इराणांतूनच मागवावीं लागतात.